क्रूझवरील किड्स क्लब : पहिल्यांदा जाणाऱ्या पालकांसाठी मार्गदर्शन

मोठ्या क्रूझ जहाजांवर मुलांसाठी स्वतंत्र विभाग असतो. तेथे प्रशिक्षित कर्मचारी दिवसभर खेळ, हस्तकला, विज्ञानाचे छोटे प्रयोग, नाच, खजिन्याचा शोध असे कार्यक्रम घेतात, आणि दिवसाच्या सत्रांसाठी बहुतेक कंपन्या वेगळे पैसे आकारत नाहीत, कारण तो खर्च तिकिटातच धरलेला असतो. रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर या विभागाला ‘ॲडव्हेंचर ओशन’ म्हणतात, डिस्नेच्या जहाजांवर ‘ओशनियर क्लब’, कार्निव्हलवर ‘कॅम्प ओशन’ आणि नॉर्वेजियनवर ‘स्प्लॅश अकॅडमी’. नावे वेगळी असली तरी कामाची रीत बरीचशी सारखी आहे, म्हणून या लेखात सर्वांसाठी किड्स क्लब हाच शब्द वापरला आहे. पहिली क्रूझ मुंबईहून गोव्याकडे जाणारी असो, सिंगापूरहून पिनांग आणि फुकेतकडे जाणारी असो, किंवा अमेरिकेत राहणाऱ्या कुटुंबाची मायामीहून कॅरिबियन बेटांकडे जाणारी असो, पुढील टप्पे सर्वांना उपयोगी पडतील.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण पुढची सगळी तयारी तिच्यावर अवलंबून आहे. किड्स क्लब हे पाळणाघर नाही, त्याचे स्वरूप उन्हाळी शिबिरासारखे आहे. तेथील ताई-दादा मुलांना गुंतवून ठेवतात आणि त्यांच्या सुरक्षिततेची काटेकोर काळजी घेतात, परंतु घास भरवणे, थोपटून झोपवणे, शी धुणे ही कामे ते करत नाहीत. या छोट्या गोष्टी स्वतःच्या स्वतः करता येणारे मूल तेथे रमते. ज्याला त्या जमत नाहीत, ते मूल हुशार आणि बोलके असूनही पहिल्याच तासाला हिरमुसते आणि पुन्हा तेथे जायला तयार होत नाही.

तिकीट काढण्यापूर्वी

बहुतेक कंपन्या ६ महिन्यांपेक्षा लहान बाळाला जहाजावर घेत नाहीत, आणि ज्या सफरींत सलग अनेक दिवस समुद्रातच काढायचे असतात, उदाहरणार्थ अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या सफरींत, ही मर्यादा १२ महिन्यांची असते. क्लबात प्रवेश मात्र साधारणपणे ३ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो, आणि ते वय जहाज सुटण्याच्या दिवशी मोजले जाते. ‘आठ दिवसांनी तीन पूर्ण होतील’ हे सांगून भागत नाही. कार्निव्हल हा ठळक अपवाद आहे. तेथे २ वर्षांपासून प्रवेश मिळतो आणि डायपर बदलण्याचे कामही कर्मचारी करतात. रॉयल कॅरिबियन आणि डिस्ने यांच्या क्लबात मात्र डायपर घालणाऱ्या मुलाला घेत नाहीत. ओढून चढवण्याचे पुल-अप डायपरही चालत नाहीत.

तीनपेक्षा लहान मुलांसाठी काही जहाजांवर वेगळी नर्सरी असते. डिस्नेच्या नर्सरीत ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंतची बाळे ठेवता येतात, रॉयल कॅरिबियनच्या अनेक जहाजांवर ६ ते ३६ महिन्यांची. या नर्सरीला तासावर पैसे पडतात, जागा थोड्या असतात आणि आगाऊ नोंदणी करावी लागते. शिवाय एकाच कंपनीच्या सर्व जहाजांवर ती असेलच असे नाही, त्यामुळे कंपनीचे नाव पाहून समाधान मानू नये, जहाजाचे नाव घेऊन चौकशी करावी. लहान बाळ असलेल्या कुटुंबाने हा प्रश्न टूर कंपनीला तिकिटाचे पैसे भरण्याआधी विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे.

गट वयानुसार पडतात. एमएससी या कंपनीच्या जहाजांवर ३ ते ६, ७ ते ११, १२ ते १४ आणि १५ ते १७ असे गट असतात. कार्निव्हलवर २ ते ५, ६ ते ८ आणि ९ ते ११ असे. यातून एक अडचण निघते. पाच वर्षांची धाकटी आणि सात वर्षांचा थोरला हे दोघे घरी एकमेकांना सोडत नसतील, तरी जहाजावर ते बहुधा वेगवेगळ्या खोल्यांत जातील. धाकट्याला वरच्या गटात सहसा घेत नाहीत. थोरल्याला खालच्या गटात बसू देण्याची सवलत काही जहाजांवर मिळते, पण ती विनंती पहिल्याच दिवशी करावी लागते. थोरल्याला त्यासाठी भरीला घालण्यापूर्वी थोडा विचार करावा, असे मला वाटते. सहलीचे चार दिवस त्यालाही त्याच्या वयाच्या मुलांत घालवायचा हक्क आहे, आणि भावंडाला सांभाळण्याची जबाबदारी त्याच्यावर सुट्टीतही टाकणे बरे नव्हे.

मुलाला विशेष गरजा असतील तर कंपनीच्या विशेष सहाय्य विभागाला कित्येक आठवडे आधी कळवावे. स्वमग्न मुलांसाठी कार्निव्हलच्या जहाजांवर आवाज कमी करणारे हेडफोन आणि हातात खेळवण्याच्या वस्तू असलेल्या पिशव्या मिळतात. रॉयल कॅरिबियनवर मुलाच्या क्षमतेनुसार गट ठरवण्याची सोय आहे. एका मुलामागे एक कर्मचारी अशी व्यवस्था मात्र क्लबात नसते, म्हणून ज्या मुलाला सतत जवळ माणूस लागतो त्याच्यासाठी आई-वडिलांपैकी एकाने तेथे थांबता येईल का, हे आधीच विचारून घ्यावे.

घरी करायची तयारी

या टप्प्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि सर्वांत जास्त फरक याच टप्प्याने पडतो. निघण्यापूर्वी किमान महिनाभर तरी त्यासाठी हाताशी असावा.

पहिली तयारी स्वच्छतागृहाची. आपल्याकडे चार-पाच वर्षांच्या मुलालाही शी झाल्यावर ‘आई, झाली’ अशी हाक मारायची सवय असते आणि पुढचे काम आई किंवा आजी पाण्याने करते. क्लबातील कर्मचारी हे काम करत नाहीत. मुलाच्या सुरक्षिततेसाठी घालून दिलेला तो नियमच असतो. परदेशी कंपन्यांच्या जहाजांवर बहुधा पाण्याचा जेटही नसतो, फक्त कागद असतो. तेव्हा कागद किती घ्यायचा, कसा पुसायचा, नंतर साबणाने हात कसे धुवायचे, हे सगळे घरीच शिकवावे लागते. पँटला बटण किंवा घट्ट हुक असेल तर मुलाची धांदल उडते, म्हणून क्लबात जाताना इलॅस्टिकची पँट किंवा फ्रॉक घालावा. आणखी एक बारीक गोष्ट आहे. जहाजावरील फ्लश हवेच्या दाबाने ओढणारा असतो आणि त्याचा आवाज मोठा व अचानक होतो. लहान मुले त्या आवाजाला इतकी घाबरतात की तासन्‌तास शू रोखून धरतात. केबिनमध्ये पोचल्यावर मुलाला तो आवाज आधी दाराबाहेरून ऐकवावा, मग झाकण लावून बटण त्यालाच दाबू द्यावे.

दुसरी तयारी भाषेची. परदेशी कंपनीच्या क्लबाचा व्यवहार इंग्रजीत चालतो. मुंबई-पुण्यातील इंग्रजी माध्यमाच्या मुलांना कवितांचे इंग्रजी येते, परंतु पोटात दुखते, तहान लागली, मला तो मुलगा ढकलतो, हे सांगायची वेळ आली की तोंडातून मराठीच बाहेर पडते, आणि तसे होणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणून ‘टॉयलेट’, ‘वॉटर’, ‘हेल्प’, ‘स्टॉप’, ‘कॉल माय मदर’ एवढे पाच-सहा शब्द रोजच्या खेळात वापरून पक्के करावेत. अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांना ही अडचण नसते. त्यांच्या बाबतीत उलट हे पाहावे की सोबत आलेल्या आजी-आजोबांना क्लबाच्या दारावरचा संवाद सहज करता येतो का. त्यासोबत मुलाला स्वतःचे पूर्ण नाव आणि आई-वडिलांची खरी नावे सांगता आली पाहिजेत. केबिनचा नंबर जहाजावर गेल्यावर पाठ करून घ्यावा.

तिसरी तयारी थोड्या दुराव्याची. जे मूल कधी दोन तासही आई-वडील आणि आजी-आजोबा या वर्तुळाबाहेर राहिलेले नाही, त्याने अनोळखी देशात, अनोळखी माणसांत, हलणाऱ्या जहाजावर एकदम रमावे ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे. वाढदिवसाला मित्राकडे एकटे सोडणे, सोसायटीतील चित्रकलेच्या वर्गाला पाठवणे, अशा छोट्या सरावांनी बरेच साधते. क्लबाविषयी बोलताना ‘तिथे तुला सोडून आम्ही मजा करणार’ असे चेष्टेतही म्हणू नये. तेथे काय काय करायला मिळते, ते सांगावे. कंपनीच्या संकेतस्थळावर क्लबाच्या खोल्यांची छायाचित्रे असतात, ती मुलासोबत बसून पाहावीत.

चौथी तयारी औषधांची. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना प्रवासात मळमळण्याचा त्रास मोठ्यांपेक्षा अधिक होतो. बोट लागण्याचे औषध कोणते आणि किती द्यायचे, हे आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारून ठरवावे आणि शक्य तर एखादा डोस घरीच देऊन पाहावा, कारण यातील काही औषधांनी गुंगी येते. केबिन निवडता येत असेल तर जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या डेकवर घ्यावी, तेथे हेलकावे कमी जाणवतात. नेहमीच्या औषधांच्या बाबतीत लक्षात ठेवण्याची गोष्ट ही की क्लबातील कर्मचारी साधारणपणे औषध देत नाहीत. डोसाच्या वेळी पालकालाच जावे लागते. तीव्र ॲलर्जीसाठी मुलाजवळ इंजेक्शन ठेवावे लागत असेल, तर ते कोणाकडे राहील आणि वेळ आल्यास कोण देईल, याचे उत्तर सही करण्यापूर्वी घ्यावे.

जहाजावर चढण्याचा दिवस

रॉयल कॅरिबियन आणि डिस्ने यांसारख्या कंपन्या क्लबाची नोंदणी घरून, संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये, करू देतात. ती केलेली असावी. तरीही चढल्या दिवशी क्लबात प्रत्यक्ष जावेच लागते. त्या दिवशी दुपारी क्लब सर्वांसाठी खुला असतो आणि पालकांना मुलांसह आत फिरता येते. ही संधी पुढे सहज मिळत नाही, कारण एकदा सत्रे सुरू झाली की पालकांना सहसा आत येऊ देत नाहीत. अनेक कुटुंबे चढल्याबरोबर जेवायला धावतात आणि हा वेळ हुकतो. बुफे पुढचे सगळे दिवस असतोच, त्यामुळे मुलाला खोली दाखवणे, कर्मचाऱ्यांची ओळख करून देणे आणि फॉर्म पूर्ण करणे हे काम आधी उरकावे.

फॉर्म भरताना घाई करू नये. ॲलर्जी, आजार, चष्मा, फिट्स येण्याचा पूर्वेतिहास हे सगळे लिहावे; लाजेने किंवा ‘उगीच प्रवेश नाकारतील’ या भीतीने लपवू नये. शाकाहारी किंवा जैन आहार असेल तर तो स्पष्ट शब्दांत लिहावा, आणि ‘शाकाहारी’ म्हणजे अंडे चालते की नाही हेही लिहावे, कारण परदेशी स्वयंपाकघरात अंड्याचा केक शाकाहारीच समजला जातो. काही क्लबांत जेवण देतात, काहींत फक्त खाऊ, काहींत काहीच नाही. पण कुकीज सजवण्याचा कार्यक्रम कुठेही असू शकतो.

फॉर्मातील सर्वांत महत्त्वाचा रकाना मुलाला परत कोण नेऊ शकते, हा आहे. तेथे ज्यांची नावे असतील त्यांच्याच ताब्यात मूल दिले जाते, आणि त्यांनाही ओळखपत्र, परवलीचा शब्द किंवा जहाजाचे कार्ड दाखवावे लागते. आजी-आजोबा, काका-काकू, मावशी सोबत असतील तर ज्यांनी मुलाला आणावे असे वाटते त्यांची नावे लिहावीत आणि परवलीचा शब्द त्यांना सांगावा. नाव नसलेल्या आजीला दारातून परत पाठवले तर तो अपमान नाही, मुलाच्या संरक्षणाचा तो पायाच आहे, हे घरातील ज्येष्ठांना आधीच प्रेमाने समजावून ठेवावे. साधारण आठ-नऊ वर्षांपुढच्या मुलांना स्वतः सही करून बाहेर पडण्याची मुभा पालक देऊ शकतात. पहिल्या क्रूझवर ती देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जहाज मोठे असते, डेक एकसारखे दिसतात आणि मूल लिफ्टमधून चुकीच्या मजल्यावर उतरले तर आपली धावपळ होते. दोन दिवसांनी रस्ता पाठ झाला की परवानगी वाढवता येते.

नोंदणी झाली की मुलाच्या मनगटावर पट्टा बांधतात. त्यावर बहुधा त्याच्या आणीबाणीतील जमण्याच्या जागेचा क्रमांक किंवा अक्षर असते. हा पट्टा संपूर्ण सफरीत हातावर राहू द्यावा. कोस्टा कॉनकॉर्डिया हे जहाज जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळले, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या अनेक प्रवाशांचा सुरक्षा सराव झालेला नव्हता, कारण त्या वेळच्या नियमानुसार तो २४ तासांत घेतला तरी चालत असे. २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी सराव घेणे बंधनकारक झाले. या सरावाला मुलांना सोबत न्यावे, त्यांच्या मापाची लाइफ जॅकेट केबिनमध्ये आहेत की जमण्याच्या जागी मिळणार आहेत हे कर्मचाऱ्याला विचारावे, आणि मूल क्लबात असताना धोक्याचा भोंगा वाजला तर काय करायचे हेही विचारावे. अनेक जहाजांवर अशा वेळी क्लबाचे कर्मचारीच मुलांना ठरलेल्या जागी घेऊन येतात आणि पालकांनी क्लबाकडे धावायचे नसते, सरळ आपल्या जागी जायचे असते. आपल्या जहाजाची रीत कोणती, याचे उत्तर आई आणि वडील दोघांनाही ठाऊक हवे.

संपर्काची व्यवस्था याच दिवशी तपासून घ्यावी. समुद्रात फोन सुरू ठेवला की तो उपग्रहावरील सागरी नेटवर्क पकडतो, ज्याचे दर नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये धरलेले नसतात. म्हणून फोन एअरप्लेन मोडवर ठेवून जहाजाचे वायफाय सुरू करावे आणि जहाजाचे ॲप उघडून ठेवावे. क्लबाचा निरोप बहुधा त्यावरच येतो. ॲप वापरणे ज्यांना जमत नाही अशा आजी-आजोबांवर मुलाची जबाबदारी असेल, तर त्यांनी त्या वेळेत केबिनच्या फोनजवळ थांबावे आणि तसे क्लबाला सांगावे.

पहिले सत्र

शक्य असेल तर पहिल्याच संध्याकाळी मुलाला एका सत्राला पाठवावे. मुलांचे गट फार लवकर जमतात. पहिल्या संध्याकाळी सगळेच नवे असतात आणि ओळखीचे खेळही तेव्हाच होतात, पण दुसऱ्या दिवशी दुपारी जाणाऱ्या मुलाला जोड्या आधीच जुळलेल्या दिसतात. हे सत्र छोटे ठेवावे, तासाभराचे पुरे. न्यायला ठरल्या वेळेच्या पाच मिनिटे आधी जावे, कारण मुलाचा पुढचा विश्वास आई-बाबा सांगितल्या वेळी आले की नाही यावर ठरतो.

दारात निरोप लांबवू नये. मूल रडले तरी कर्मचारी काही मिनिटे प्रयत्न करतात आणि ते शांत झाले नाही तर स्वतःहून निरोप पाठवतात. काचेतून डोकावून पाहण्याचा मोह टाळावा, कारण रमत आलेल्या मुलाला आईचा चेहरा दिसला की सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मात्र मूल सलग दोन सत्रांत रडत राहिले तर तिसऱ्यांदा जबरदस्ती करू नये. त्याऐवजी पालकांसह भाग घेता येईल असे कार्यक्रम निवडावेत. जहाजावर तेही बरेच असतात.

एकत्र कुटुंबाने किंवा दोन-तीन मित्र-कुटुंबांनी मिळून प्रवास केला की आणखी एक गोष्ट घडते. सहा चुलत-मावस भावंडे एकत्र क्लबात जातात, कोपरा धरून मराठीत गप्पा मारतात आणि बाकीच्या मुलांपासून अलिप्त राहतात. त्यात गैर काही नाही, त्यांनाही ती सुट्टीच आहे. पण एखादे मूल त्या टोळीत दबून जात असेल, तर एखाद्या दुपारी त्याला एकट्याला पाठवून पाहावे. तेथे ते वेगळेच फुललेले आढळू शकते.

दिवसाचा क्रम आणि जेवण

अनेक जहाजांवर समुद्रातील दिवशी सकाळी ९ ते १२, दुपारी २ ते ५ आणि रात्री ७ ते १० अशी सत्रांची साधारण विभागणी असते. मधल्या वेळेत काही क्लब बंद असतात आणि मुलाला जेवायला न्यावेच लागते. रात्री १० नंतरच्या सत्राला बहुतेक ठिकाणी प्रत्येक मुलामागे तासावर पैसे पडतात, जे केबिनच्या खात्यावर चढतात. रोज संध्याकाळी ॲपवर किंवा छापील पत्रकात दुसऱ्या दिवसाचे कार्यक्रम येतात. ते मुलासोबत वाचून त्यातील दोनच कार्यक्रम त्याला निवडायला सांगावेत. तिन्ही सत्रे रोज भरली तर लहान मूल तिसऱ्या दिवशी थकून चिडचिडे होते, आणि समुद्र बघायचा राहूनच जातो.

रात्रीच्या जेवणाच्या मुख्य डायनिंग रूममध्ये सहसा दोन पंगती असतात, एक साडेपाच-सहाच्या सुमारास आणि दुसरी आठच्या पुढे. आपल्याला दुसरी सोयीची वाटते, पण अनेक पदार्थांचे ते जेवण दीड तास चालते आणि लहान मूल खुर्चीतच पेंगू लागते. तीन ते सात वर्षांची मुले असतील तर पहिली पंगत घ्यावी आणि जेवणानंतर त्यांना रात्रीच्या सत्राला सोडावे. डिस्नेच्या जहाजांवर दुसऱ्या पंगतीला बसणाऱ्या मुलांना लवकर वाढतात आणि क्लबाचे कर्मचारी त्यांना डायनिंग रूममधूनच घेऊन जातात. ही सोय हवी असल्यास टेबलवरील वाढप्याला सुरुवातीलाच सांगावे लागते. डाळ-भात, पोळी, दही अशा जेवणाची मुलाला सवय असेल तर पहिल्या रात्रीच मुख्य वाढप्याशी बोलावे. अनेक जहाजांच्या स्वयंपाकघरांत भारतीय आचारी असतात आणि एक दिवस आधी सांगितले तर साधे जेवण करून देतात.

दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि मे महिना या काळात जहाजावर मुलांची संख्या खूप असते. एका वेळी किती मुले घ्यायची याला मर्यादा असल्याने लोकप्रिय सत्र भरून जाऊ शकते, म्हणून सत्र सुरू होण्याच्या दहा मिनिटे आधी दारात असावे. मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीच्या जहाजावर भारतीय कुटुंबेच बहुसंख्य असल्याने हिंदी सर्रास चालते आणि शाकाहारी व जैन जेवण सहज मिळते. दोन-तीन रात्रींची ती सफर लहान मुलाला क्लबाची सवय लावायला उत्तम आहे, आणि लांबच्या महागड्या क्रूझआधी ती करून पाहावी, असे मी आवर्जून सुचवेन.

पोहण्याचा तलाव हा क्लबाचा भाग नाही आणि तेथे अनेक जहाजांवर जीवरक्षक नसतो. क्लबातून बाहेर आलेले मूल थेट तलावाकडे धावते, तेव्हा सोबत मोठे माणूस हवेच. डायपर घातलेल्या मुलाला तलावात उतरू देत नाहीत, पोहण्याचा खास डायपर असला तरीही. काही जहाजांवर बाळांसाठी पाण्याच्या कारंज्यांची वेगळी जागा असते, तिचा उपयोग करावा.

तेरा वर्षांपुढची मुले

किशोरवयीन मुलांचा क्लब वेगळा असतो आणि तेथे सही करून सोडणे-नेणे नसते. ती आपल्या मनाने येतात-जातात. त्यांना सोडायला आई दारापर्यंत आली तर ती आतच जाणार नाहीत, म्हणून पालकांनी दूर राहावे. नियम मात्र केबिनमध्येच बोलून घ्यावेत. रात्री किती वाजता परत यायचे (कार्निव्हलच्या जहाजांवर १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना रात्री १ नंतर सार्वजनिक जागेत एकटे फिरण्यास मनाई आहे), कोणाच्याही केबिनमध्ये जायचे नाही आणि आपल्या केबिनमध्ये कोणाला आणायचे नाही, उघड्या ग्लासातून कोणी दिलेले पेय घ्यायचे नाही, आणि जेवायला सगळ्यांनी एकत्र बसायचे. बुजऱ्या मुलाला पहिल्या रात्रीच्या ओळख-कार्यक्रमाला जाण्याचा आग्रह एकदा जरूर करावा. नंतर त्याच्यावर सोडावे.

बंदराचा दिवस

जहाज बंदराला लागलेले असतानाही क्लब बहुधा उघडा असतो, आणि मुलांना तेथे ठेवून पालकांनी किनाऱ्यावर जाण्यास काही कंपन्यांची परवानगी असते. नियमांत बसत असले तरी सात-आठ वर्षांपेक्षा लहान मुलाला अशा रीतीने मागे ठेवू नये, असे मला वाटते. आपण स्वतः टॅक्सी करून फिरायला गेलो आणि वाहतुकीत अडकलो तर जहाज थांबत नाही; कंपनीने आयोजित केलेल्या सहलीतील प्रवाशांसाठीच ते साधारणपणे थांबते. आई-वडील परक्या बंदरावर आणि मूल जहाजावर, ही वेळ येण्याची शक्यता कमी असली तरी तिची किंमत फार मोठी आहे. जायचेच असेल तर एका पालकाने किंवा आजी-आजोबांपैकी कोणीतरी जहाजावर थांबावे. किनाऱ्यावर जाताना घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवावे, कारण ती आणि किनाऱ्यावरील वेळ कधी कधी वेगळी असते.

मूल आजारी पडले तर

ताप, उलटी किंवा जुलाब होत असलेल्या मुलाला क्लबात घेत नाहीत, आणि तेथे असताना लक्षणे दिसली तर लगेच पालकांना बोलावतात. ‘सकाळी एकच उलटी झाली, आता बरा आहे’ असे सांगून मुलाला सोडू नये. नोरोव्हायरससारखे पोटाचे संसर्ग बंद जागेत झपाट्याने पसरतात, आणि हाताला लावायच्या अल्कोहोलयुक्त जेलचा या विषाणूवर फारसा परिणाम होत नाही; साबण आणि पाणीच लागते. क्लबात जाताना आणि तेथून आल्यावर हात धुण्याची सवय लावावी. उलटी-जुलाब झाल्यास जहाजाच्या दवाखान्यात कळवावे. तेथील तपासणीचे पैसे पडतात आणि ते बरेच असतात, त्यामुळे मुलांसह सर्वांचा प्रवास विमा काढलेला असावा आणि त्यात जहाजावरील उपचार धरले आहेत की नाही, हे पाहून घ्यावे.

शेवटची रात्र

शेवटच्या संध्याकाळी अनेक क्लब मुलांचा छोटा कार्यक्रम किंवा चित्रांचे प्रदर्शन ठेवतात. त्याची वेळ आधीच विचारून घ्यावी, कारण तीच वेळ सामान बांधून केबिनबाहेर ठेवण्याची असते आणि कार्यक्रमासाठी हवा असलेला फ्रॉक बॅगेत बंद होऊन जातो. मुलांनी केलेल्या वस्तू, राहिलेली पाण्याची बाटली आणि जॅकेट त्याच रात्री क्लबातून घ्यावे. उतरण्याच्या सकाळी क्लब बहुधा उघडत नाही. हातावर इलेक्ट्रॉनिक पट्टा दिलेला असेल तर तो परत करून तशी नोंद करून घ्यावी, अन्यथा त्याचे पैसे खात्यावर चढू शकतात. रात्री उशिरापर्यंत उघड्या असलेल्या अतिथी सेवा काउंटरवर केबिनच्या खात्याची प्रत मागावी, त्यात रात्री १० नंतरच्या सत्रांचे आणि नर्सरीचे तास बरोबर लावले आहेत का ते ताडून पाहावे, आणि चूक आढळली तर ती त्याच वेळी दुरुस्त करून घ्यावी, कारण सकाळी त्या काउंटरपुढे लांब रांग असते.